ओट्याकडचं दार

१२ जानेवारी, रविवार

फिरली! आतल्या खोलीच्या दारातून निघाली, पॅसेजमध्ये वळली आणि सरळ हॉलमध्ये आली. कुठे कलंडली नाही, कोणाला "जरा उभी धरा रे" म्हणून ओरडावं लागलं नाही. रोझलिन आतेची शवपेटी. तिला खोलीतच पेटीत ठेवलं होतं. घराचा प्लॅन माझा.

सगळे रडत होते आणि मी कोपऱ्याकडे बघत उभा! या आतेने मला मांडीवर घेऊन भरवलंय. आणि मला आनंद कसला, तर पेटी वळल्याचा. काय माणूस आहे मी!

व्हॅलेरियन सरांची ही शिकवण. मी त्यांच्याकडे ड्राफ्ट्समन होतो तेव्हा बघायचो—प्लॅन पूर्ण झाला की सर खिशातून पुठ्ठ्याचा एक बारीक तुकडा काढायचे. शवपेटीच्या मापाचा, प्लॅनच्या स्केलमध्ये कापलेला. एकेका खोलीतून तो सरकवत घरापुढच्या ओट्यापर्यंत आणायचे. अडकला की भिंत खोडायची, पुन्हा काढायची. त्यांच्या आईची पेटी जिन्यावरून उभी करून उतरवावी लागली होती. "आपल्या माणसाला उभं करून न्यायची पाळी कोणावर येऊ नये, सॅन्टन." बस, एवढंच म्हणायचे.

सर गेले, पुठ्ठा माझ्याकडे आला. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, तरी मी प्रिंट काढतो आणि पुठ्ठा फिरवतो. विरारला एक ओळखीचा गेला तेव्हा त्याला सातव्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली आणलेलं मी बघितलंय. टॉवरची कामं मी घेत नाही ती त्यामुळे. लोकांना वाटतं माझं काही तत्त्व आहे!

गिऱ्हाइकाला यातलं कधी सांगितलं नाही. हौसेने घर बांधायला आलेल्या माणसाला काय सांगू—तुमची मयत इथून निघेल? ग्रेसीला, स्वतःच्या बायकोलाही नाही सांगितलं. हसली असती. किंवा चिडली असती.

ती आज आली नाही आतेच्या मयतीला. साडी नेसून जिना उतरली आणि खालच्या पायरीवर बसूनच राहिली. "तू जा. मी इथूनच प्रार्थना करते." पाय सुजलेत. पोटही फुगल्यासारखं वाटतंय.

१५ जानेवारी, बुधवार

डॉक्टरांनी मला आणि लेकीला, शॅननला, वेगळं आत बोलावलं. कॅन्सर आहे. लिव्हरमध्ये पसरलाय. ऑपरेशन नाही, केमो झेपणार नाही. "काही महिने," म्हणाले. "काही म्हणजे किती?" शॅननने विचारलं. मी तिचा हात धरून उठलो.

बाहेर ग्रेसी बाकावर बसली होती. "काय म्हणाले?"

"लिव्हरला सूज आहे. आराम करायचा. जिना बंद."

मला इतकं सफाईने खोटं बोलता येतं हे आज कळलं. ती "बरं" म्हणाली. आणि मग विचारते काय—"तू सकाळपासून काही खाल्लंस का?"

शॅनन गाडीत माझ्याशी बोलली नाही.

१६ जानेवारी

जिना बंद म्हणजे बेडरूम बंद. हे घर बांधलं तेव्हा केवढी मिजास मला! बेडरूम वर—पश्चिमेचा वारा, खाली वाडीतली केळी, लांब सुरूची झाडं. सगळ्या भुईगावला सांगत फिरायचो, म्हातारपणासाठी एक खोली खाली ठेवा. स्वतःच्या घरात ठेवली नाही. आम्ही दोघं कुठे म्हातारे होणार होतो!

खाली एकच खोली आहे, माझं ऑफिस. रिकामं करतो.

१९ जानेवारी, रविवार

चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गॉडफ्रे चार माणसं घेऊन आला. माझी निम्मी बांधकामं त्यानेच केलीत, शाळेत आम्ही एका बाकावर. टेबल, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या सगळं हॉलमध्ये आलं, भिंतीतलं कपाट तेवढं राहिलं. पलंग खोलून खाली आणला. मध्येच चर्च कमिटीचे दोघे हजर—पॅरिश हॉलच्या प्लॅनमध्ये स्टेज छोटं वाटतंय म्हणे! मी चिडलो. तर ग्रेसी आतून ओरडते, "आधी त्यांचं बघ, सॅन्टन. पलंग काय पळून जातोय?" टेम्पोच्या बॉनेटवर प्लॅन पसरून स्टेज वाढवून दिलं.

संध्याकाळी ती नव्या जागेवर आडवी झाली. इकडे बघ, तिकडे बघ. "काय दिसतं रे इथून? तुझं कपाट!" मग ओट्याकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "ही फोड ना. इथून ओट्यावर दार काढ मला."

"बघू," म्हटलं.

ती झोपल्यावर आमच्याच घराचा प्लॅन काढून बसलो. पुठ्ठा हातात घेतला, परत ठेवला. नाही फिरवला. न फिरवताच कळतंय मला. या खोलीचं दार जिन्याखाली उघडतं, तिथे काटकोनात वळण. चाकांची खुर्ची कशीबशी निघते, पेटी निघणारच नाही. पण तो तुकडा त्या खोलीत ठेवायचा म्हणजे काय? ग्रेसीच्या पलंगावर ठेवायचा? मी नाही ठेवणार. ज्याला बघायचं त्याने बघावं.

२३ जानेवारी

आज पुन्हा तेच. "ओट्यावर दार काढ. सरळ. वळणं नकोत मला."

वळणं नकोत! कोणी सांगितलं हिला? शॅनन बोलली का काही? की माझ्या ड्रॉवरमधला पुठ्ठा बघून समजली? इतकी वर्षं मास्तरीण होती, पोराचं तोंड बघून चोरी ओळखायची. हिने सगळं ओळखलंय आणि आता स्वतःच्या जाण्याची वाट करून मागतेय माझ्याकडे.

म्हटलं, "लोड बेअरिंगची भिंत आहे ती. हात लावता येणार नाही."

वर लिंटेलची आडवी तुळई टाकून अशा किती भिंती फोडल्यात मी.

२८ जानेवारी

मग म्हटलं डास येतील. मग म्हटलं गल्लीतली धूळ येईल. आज म्हटलं, येणारा-जाणारा आत बघेल.

"बघू दे की! मी काय आत चोरी करतेय?"

हे दार मी काढणार नाही. ते काढलं म्हणजे मी कबूल केलं. कबूल नाही मला. चार महिने सांगितलेली माणसं चार-चार वर्षं जगतात. मी बघितलीत.

२ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या क्लेटनचं लग्न. ग्रेसीचा विद्यार्थी—चौथीत रोज अंगठे धरून उभा असायचा म्हणते! काल बायका रिवाजाप्रमाणे बँड लावून विहिरीवर लग्नाचं पाणी आणायला निघाल्या. बँडचा आवाज आला तशी ग्रेसी एकदम उठून बसली. "ने मला, ने, लवकर!" खुर्चीत बसवली. जिन्याखाली चाक अडकलं. मागे घेतलं, पुढे घेतलं, परत मागे. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. ओट्यावर पोचलो तेव्हा वरात पुढे गेलेली. शेवटची दोन पोरं नाचत चालली होती तेवढी दिसली.

"चल आत," म्हणाली. डोळे पुसले तिने. क्लेटनसाठी एवढं काय? मला कळलं नाही.

७ फेब्रुवारी

माझ्याशी बोलणं बंद. "शॅनन, डॅडीला सांग पेजेत मीठ कमी आहे." मी तिच्यासमोर वाटी धरून उभा!

"डॅडी, सिरियसली, एक दार काढायला काय प्रॉब्लेम आहे तुला?" शॅनन म्हणाली. हिला काय सांगू?

१३ फेब्रुवारी

गॉडफ्रेने विषय काढला. शॅननने पाठवलं असणार. "दोन दिवसांचं काम आहे, सॅन्टन. टेकू लावू, लिंटेल टाकू, झालं. गावाच्या भिंती फोडून देतोस आणि बायकोला नाही म्हणतोस?"

"तू मिस्त्री आहेस, आर्किटेक्ट मी आहे," असं बोललो त्याला. गॉडफ्रेला! कप खाली ठेवला आणि गेला.

चर्चमध्ये नीट प्रार्थना होत नाही. एकच मागतो. तेही निर्लज्जासारखं, सौदा केल्यासारखं—सगळं घे, हिला ठेव.

१६ फेब्रुवारी, रविवार

काय करून बसलो आज.

फादर कम्युनियन घेऊन आले होते. त्यांच्यासमोर ग्रेसी म्हणते, "फादर, माझ्या नवऱ्याने सगळ्या गावाला हवेशीर घरं दिली. मला गोडाऊनमध्ये टाकलंय." फादर हसले. शॅनन त्यांना सोडायला गेली आणि माझा तोल सुटला. आवाज चढला. "माहितेय मला तुला दार कशाला पाहिजे! पेटी सरळ निघावी म्हणून ना? म्हणून माझ्या मागे लागलीस ना? मी नाही काढणार! नाही म्हणजे नाही!"

ती बघत राहिली.

"कसली पेटी?"

मला वाटलं नाटक करतेय. पण तिचा चेहरा! तिला पेटीचं खरंच काही माहीत नव्हतं.

"कसली पेटी, सॅन्टन?" हा वर्गातला आवाज. या आवाजापुढे कोणाचं काही चालत नाही. सगळं सांगितलं. व्हॅलेरियन सर, पुठ्ठा, गावातली घरं, आतेचा कोपरा, जिन्याखालचं वळण. रडत रडत सांगितलं. साठी ओलांडलेला माणूस, पलंगाच्या कडेला बसून पोरासारखा रडत होतो.

ती म्हणाली, "म्हणजे मी जाणार."

मी मान खाली घातली.

"तुला काय वाटलं, मला कळलं नव्हतं? डॉक्टर तुम्हाला आत घेऊन गेले तेव्हाच कळलं. पण म्हटलं, याला बोलायला जमत नाही तर नको बोलू दे. तू 'सूज' म्हणालास, मीही सूज म्हणत राहिले. पण तुझ्या तोंडून असं ओरडून नको होतं ऐकायला."

"मग दार कशाला पाहिजे होतं तुला?"

"अरे वेड्या, ओट्यावर यायला! पडल्या पडल्या गल्ली दिसावी म्हणून. कोण येतं, कोण जातं. मासळीवाली आली तर तिच्या पाटीत काय आहे बघावं. शाळा सुटली की पोरं दिसावीत. क्लेटनची बायको मी अजून बघितली नाही. आणि त्या जिन्याखाली तू खुर्ची मागेपुढे करतोस ना, पोटात अशी कळ येते, जीव जातो माझा. म्हणून वळण नको म्हणत होते."

एवढंच. तिला गल्ली बघायची होती! आणि मी महिनाभर तिला कपाट दाखवत ठेवलं. पेटीची भीती माझी होती, तिच्या डोक्यात पेटी नव्हतीच. मी घातली.

मग ती हसायला लागली. खरंच! "म्हणजे रोझलिन आतेच्या मयतीला तू कोपरा बघत होतास?" हसता हसता खोकला आला, पाणी दिलं. "आणि माझ्या वेळेला काय करणार होतास? खिडकीतून देणार होतास?"

"ग्रेसी, गप्प बस."

"काढ दार. आधी मला ओट्यावर ने. बाकीचं नंतर बघू."

१७ फेब्रुवारी

सकाळीच गॉडफ्रेकडे गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणतो, "लिंटेल कधीच भरून ठेवलाय. अंगणात बघ." अंगणात ओल्या गोणपाटाखाली झाकलेला लिंटेल. माझ्या नकाराची यांच्यापैकी कोणीही पर्वा केली नव्हती. बरं केलं.

२० फेब्रुवारी

भिंत फोडली. ग्रेसी हॉलमध्ये, तोंडाला ओढणी बांधून, तिथून हुकूम. "हळू रे, तो टेकू नीट बघ! सॅन्टन, तू लांब उभा राहा, तुला दम लागतो."

पहिली वीट निघाली आणि पलंगाच्या जागेवर ऊन पडलं. गॉडफ्रे मोजायला लागला तेव्हा मीच म्हटलं, "साडेतीन फूट ठेव. रुंद." त्याने माझ्याकडे बघितलं. भिंतीवर खूण केली. खुर्चीला एवढं लागत नाही हे त्यालाही माहीत आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज आमच्या ओट्यावर जत्रा! मिस्सा सुटल्यावर लोक घरी जायचे ते आमच्याकडे. क्लेटन बायकोला घेऊन आला, पाया पडला. "अंगठे धर," ग्रेसी म्हणाली. आणि त्या बाप्याने बायकोसमोर धरले की! सगळी गल्ली हसली. मी आत जाऊन रडून आलो.

२६ फेब्रुवारी

मासळीवालीशी रोजचं भांडण सुरू झालंय.

"हे बोंबील कालचे आहेत."

"नाय गो बाय, आताच बंदरावरून आनलेत! बोट लावून बघ, पानी तरी सुटलंय का?"

ग्रेसी बोट लावून बघते. खाता तर एक घासही येत नाही तिला. तरी घेते. मी आणि शॅनन रोज बोंबील खातोय. पोरगी कंटाळलीये.

१ मार्च, शनिवार

पॅरिश हॉलचा प्लॅन तिच्या पलंगावर पसरला होता. बघते कुठे, चष्मा लावून तपासतेच. "चाकांच्या खुर्चीतला माणूस कुठे बसणार?"

"मागे. रॅम्प मागून आहे."

"मागून त्याला काय दिसणार? लोकांच्या पाठी! पुढे बसव." रॅम्प पुढे घेतला. कमिटी कुरकुर करेल. करू दे.

ती म्हणाली, "जानेवारीत काढलं असतंस तर थंडीतली सकाळ मिळाली असती मला ओट्यावर." रागाने नाही म्हणाली, सहज. तेच जास्त लागलं. मी काय देऊ तिला आता? जानेवारी कुठून आणू?

५ मार्च, राखेचा बुधवार

फादर ओट्यावर आले, दारातच तिच्या कपाळाला राख लावली. ते प्रार्थना म्हणायला लागले तर ही म्हणते, "पटपट म्हणा फादर, मला माहितेय सगळं." फादरना हसू आवरेना.

पोट फार फुगलंय. आडवं झालं की श्वास लागतो. उशा लावून बसवतो. बसल्या बसल्या माझा हात धरते, एकीकडे गल्ली बघत असते.

८ मार्च, शनिवार

हॉस्पिटलात दाखल. पोटातलं पाणी काढायचंय, म्हणजे श्वासाला बरं पडेल. ॲम्ब्युलन्स ओट्याला लावली. पलंगावरून स्ट्रेचर, स्ट्रेचरवरून सरळ आत. एक धक्का नाही.

"बघितलंस? किती सोपं," म्हणाली. "येते दोन दिवसांत. दार लावून घेऊ नको, वारा येऊ दे."

१० मार्च, सोमवार

पाणी काढलं. चेहरा केवढा उतरला होता, आज जरा माणसात आली. अर्धी वाटी पेज प्यायली, मीठ कमी म्हणाली! शॅनन तिच्याजवळ थांबलीये, मला घरी पाठवलं. उद्या सोडणार. गॉडफ्रेला बोलावून उंबऱ्याचा वर आलेला कोपरा घासून घेतला, खुर्चीला धक्का नको. अंगण झाडलं. मासळीवालीला सांगितलं, उद्या ये, ती आलेली असेल.

११ मार्च, मंगळवार

ग्रेसीला आणलं. ओट्यावरून, नव्या दाराने. पहाटे हॉस्पिटलातच गेली ती.

पेटी बाहेर नेण्याचं माप धरलं होतं मी. ती आत आली.

आत येताना पेटी उंबऱ्याशी थांबली. मागून कोणीतरी विचारलं, "अडकली का?"

"नाही," गॉडफ्रे म्हणाला. "दारात सॅन्टन उभा आहे."